लाट गिळणारा थर किती जाड असावा?

माझगावचा समुद्र गिरगावच्या चौपाटीसारखा नाही. चौपाटीवर लाट येते, वाळूच्या उतारावर पसरते, तिचा फेस होतो आणि ती संपते. भाऊच्या धक्क्यावर मात्र पाण्यासमोर उभी भिंत असते. लाँच वळली की तिने उठवलेली लाट भिंतीवर आपटते आणि मागे फिरते. परतणारी लाट येणाऱ्या लाटेत मिसळली, की पाणी नुसतेच हिंदकळत राहते. त्यातली लाँचची लाट कोणती आणि भिंतीची कोणती, हे काठावर उभ्या असलेल्या माणसाला सांगता येत नाही. उतार लाट गिळतो, भिंत ती परतवते. एवढी गोष्ट ध्यानात ठेवली, तर प्रस्तुत लेखाचा विषय समजण्यास अडचण पडू नये.

विद्युतचुंबकीय लहरींची संगणकावर आकडेमोड करताना तिच्या कडेला एक ‘शोषक थर’ ठेवावा लागतो. हा थर किती जाड असावा, आणि तो पुरेसा जाड आहे हे तपासावे कसे, हा तो विषय होय.

कला शाखेच्या वार्षिक अंकात असला विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला माझी दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर व्यवहारातले आहे. माझगाव, भायखळा, लालबाग या भागांत जुन्या इमारतींच्या गच्च्यांवर मोबाईलचे मनोरे उभे राहिले, तेव्हा सोसायट्यांच्या सभांतून वाद झाले. आमच्या इमारतीतही झाला. एका बाजूने रंगीत चित्रांचा एक कागद आला. त्यात माणसाचे डोके होते आणि त्यावर लाल, पिवळे, निळे पट्टे होते. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, म्हणून तो कागद माझ्या हातात देऊन थोरल्या मंडळींनी विचारले, “हे खरं कशावरून, ते तू सांग.” प्रश्न अगदी योग्य होता. दुसरे उत्तर अभ्यासातले आहे. खरे उत्तर कोणालाच ठाऊक नसताना आपल्या उत्तरात चूक किती आहे हे कसे मोजायचे, हा प्रश्न मुळात तर्कशास्त्राचा आहे, आणि तर्कशास्त्र आपल्या शाखेला परके नाही.

समुद्र पेटीत कसा मावणार?

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात वीज, चुंबकत्व आणि प्रकाश यांना एका सूत्रात आणले. हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८७-८८ च्या सुमारास प्रयोगशाळेत अशा लहरी निर्माण करून दाखविल्या. मात्र मॅक्सवेलची समीकरणे कागदावर सोडविता येतात ती गोल, सरळ, नीटस आकारांसाठी. माणसाचे डोके, जहाजाचा खांब किंवा चाळीची गच्ची असल्या वेड्यावाकड्या आकारांसाठी आकडेमोडीशिवाय गत्यंतर नाही.

१९६६ साली केन यी यांनी या आकडेमोडीची एक सोपी रीत मांडली. जागेचे बारीक चौकोनी घरांत तुकडे करायचे, काळाचेही बारीक क्षण करायचे, आणि प्रत्येक घरातील विद्युत व चुंबकीय क्षेत्राची पुढच्या क्षणाची किंमत शेजारच्या घरांवरून काढत जायचे. एका घरात तीन विद्युत आणि तीन चुंबकीय, असे सहा आकडे असतात. घर लहरीच्या लांबीच्या दहाव्या भागापेक्षा मोठे नसावे, शक्यतो विसाव्या भागाएवढे असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाईल लहरीची हवेतील लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते, म्हणजे घर दीड-पावणेदोन सेंटिमीटरचे. शरीराच्या आत लहर आखूड होते, म्हणून तेथे घरे आणखी लहान घ्यावी लागतात.

अडचण येथेच सुरू होते. खरी लहर अँटेनातून निघते आणि दूर निघून जाते. परत येत नाही. संगणकातली घरे मात्र कोठेतरी संपतात. शेवटच्या घराला एका बाजूला शेजारीच नसतो. त्याला काही किंमत द्यावी तर लागतेच. ती शून्य धरली, तर भाऊच्या धक्क्याची भिंत उभी राहते.

चौकटींच्या वहीवरील प्रयोग

हे समजून घेण्यास संगणकाची गरज नाही. चौकटींची वही पुरेशी आहे. एका ओळीत दहा घरे घ्यावीत. प्रत्येक ओळ म्हणजे एक क्षण. नियम असा: एखाद्या घराची पुढच्या क्षणाची किंमत म्हणजे त्याच्या डाव्या व उजव्या शेजाऱ्यांच्या आत्ताच्या किमतींची बेरीज, वजा त्याच घराची मागच्या क्षणाची किंमत.

पहिल्या ओळीत तिसऱ्या घरात १ लिहा, बाकी सर्व शून्य. दुसऱ्या ओळीत चौथ्या घरात १ लिहा, बाकी शून्य. आता नियम लावत चला. तो १ दर ओळीला एकेक घर उजवीकडे सरकतो, मागे काही उरत नाही. ही झाली उजवीकडे जाणारी लाट.

दहावे घर नेहमी शून्यच ठेवले तर काय होते? तो १ नवव्या घरात पोहोचतो. पुढच्या ओळीत सगळी वही शून्य होते, लाट संपली असे वाटते. परंतु त्याच्या पुढच्या ओळीत नवव्या घरात उणे १ उमटतो आणि डावीकडे चालू लागतो. भिंतीने लाट उलटी करून परत पाठविली.

आता दहाव्या घराचा नियम बदलू. ‘मागच्या क्षणी नवव्या घरात जे होते, ते या क्षणी दहाव्यात लिहावे’ एवढाच नियम ठेवू. १ दहाव्या घरात जातो आणि पुढच्या ओळीत नाहीसा होतो. काहीही परत येत नाही. लाट जणू वहीबाहेर निघून गेली.

ही युक्ती एका ओळीत बिनचूक चालते, कारण तेथे लाट एकाच दिशेने आणि ठरलेल्या वेगाने कडेला येते. प्रत्यक्ष जागेत लाटा सरळ येतात, तिरक्या येतात, कडेला घासूनही येतात. १९७७ साली एंगक्विस्ट व माजदा यांनी आणि १९८१ साली मूर यांनी याच धर्तीचे, पण अधिक व्यापक नियम दिले. सरळ येणाऱ्या लाटेला ते बऱ्यापैकी लागू पडत. लाट तिरकी झाली की थोडी लाट परतत असे. म्हणजे भिंत खाली आली, पण ती पुरती गेली नाही.

पूर्ण जुळणारा थर

पाण्याच्या लाटांचा अभ्यास करणाऱ्यांनी उतारावरच भिस्त ठेवली आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ साली स्थापन झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तेथे बंदरांच्या लहान प्रतिकृती करून लाटांचा अभ्यास होतो. असल्या कुंडांची भिंत उघडी ठेवली तर प्रयोगच बिघडेल. म्हणून कडेला दगडगोट्यांचा किंवा तत्सम उतार देतात. उतार लांब व सौम्य असेल तर लाट विरते. तोच उतार आखूड आणि चढा केला तर तो भिंतीसारखा वागू लागतो.

लहरींच्या आकडेमोडीत असा उतार १९९४ साली फ्रान्सच्या जाँ-पिएर बेरांझे यांनी दिला. त्यांनी कडेला काही घरांचा एक काल्पनिक थर ठेवला. तो लहर शोषतो, आणि त्यातला शोषणारा गुण विद्युत व चुंबकीय अशा दोन्ही क्षेत्रांत अशा प्रमाणात वाटलेला असतो की लहरीला आपण हवेतून दुसऱ्या पदार्थात शिरलो हे कळूच नये. सरळ येणाऱ्या लहरीसाठी असे पदार्थ पूर्वीही कल्पिलेले होते. बेरांझे यांनी क्षेत्राच्या प्रत्येक घटकाचे दोन भाग केले आणि कोणत्याही कोनातून येणाऱ्या लहरीला थराच्या तोंडाशी परतावे लागणार नाही अशी व्यवस्था केली. म्हणून त्याला ‘पूर्ण जुळणारा थर’ म्हणतात. असा पदार्थ बाजारात मिळत नाही. तो केवळ गणितात आहे.

परंतु ‘पूर्ण’ हा शब्द समीकरणापुरता खरा आहे. समीकरणे घरांत मांडली की त्यात दोन प्रकारच्या त्रुटी येतात, आणि जाडीचा सारा प्रश्न या दोहोंच्या ओढाताणीतून निर्माण होतो.

पहिली त्रुटी मागच्या भिंतीची. थर कोठेतरी संपतो आणि त्यामागे साधी भिंतच असते. थरातून जाताना लहर क्षीण होते, भिंतीवर आपटते, पुन्हा थरातून येताना आणखी क्षीण होते. तरी जे थोडे उरते ते आत परत येते. थर जाड केला किंवा त्याची शोषणशक्ती वाढविली की हे उरलेले कमी होते.

दुसरी त्रुटी तोंडाशी होते. यी यांच्या रीतीत विद्युत आणि चुंबकीय किमती एकाच जागी नसतात. त्यांत अर्ध्या घराचे अंतर असते. त्यामुळे जुळणी तंतोतंत राहत नाही. शोषणशक्ती एका घरातून दुसऱ्या घरात एकदम वाढली, तर त्या पायरीवरूनच लहर परतते. म्हणून शक्ती तोंडाशी शून्यापासून सुरू करून हळूहळू, साधारण अंतराच्या तिसऱ्या-चौथ्या घाताने वाढवीत नेतात. थर पातळ ठेवून शक्ती मात्र भरमसाट वाढविणे म्हणजे आखूड आणि चढा उतार बांधणे होय.

जाडीचे गणित

या दोन्ही त्रुटींचा समतोल साधणारा एक नियम पुढे स्टीफन गेडनी यांच्या कामातून रूढ झाला. त्या नियमाने शक्ती ठरविली, तर मागच्या भिंतीवरून परतणाऱ्या लहरीचा अंश थरातील घरांच्या संख्येवरून सहज काढता येतो. २.७१८ या संख्येचा घात घ्यायचा. घातांक म्हणजे घरांची संख्या गुणिले १.६, आणि तो उणे.

सरळ येणाऱ्या लहरीसाठी मी केलेला हिशेब असा: थर ३ घरांचा असेल तर लहरीच्या उंचीपैकी हजारात सुमारे ८ भाग परततात. ५ घरांचा असेल तर दहा हजारांत सुमारे ३. १० घरांचा असेल तर एक कोटीत सुमारे १. हे आकडे समीकरणातले आहेत. प्रत्यक्षात १० घरांचा थरसुद्धा एवढी मजल गाठत नाही, कारण तोपर्यंत तोंडाशी होणारी दुसरी त्रुटी मोठी ठरते.

तिरक्या लहरीची गोष्ट वेगळी आहे. लहर लंबापासून जितकी कलती, तितका घातांक त्या कोनाच्या कोज्येच्या प्रमाणात घटतो. ६० अंशांची कोज्या निम्मी, म्हणून ६० अंशांनी कललेल्या लहरीला १० घरांचा थर ५ घरांसारखाच वाटतो. ८० अंशांवर तोच थर शेकडा सुमारे ६ भाग परत पाठवितो. कडेला घासून जाणारी लहर जवळजवळ भिंतच पाहते. यावरून दिसेल की ‘दहा घरे ठेवली म्हणजे झाले’ हे उत्तर अपुरे आहे. अँटेना थराच्या फार जवळ किंवा पेटी फार अरुंद असेल, तर लहरी कलत्याच येणार.

लहरीची लांबीही विसरून चालत नाही. २० घरांत एक लहर बसत असेल, तर १० घरांचा थर अर्ध्या लहरीइतका होतो आणि बहुधा पुरतो. पण त्याच पेटीत चौपट लांब लहर सोडली, तर तोच थर तिच्या आठव्या भागाएवढा ठरतो. तेव्हा आकडेमोडीत अनेक लांबीच्या लहरी असतील तर तपासणी सर्वांत लांब लहरीवर करावी.

तपासणी कशी करावी?

आता मूळ प्रश्न. खरे उत्तर माहीत नसताना चूक मोजायची कशी?

सर्वांत चोख मार्ग वेळेच्या हिशेबाचा आहे. समजा, आपली पेटी १०० घरांची आहे आणि लहर मधोमध उठते. तिच्यासोबत १००० घरांची दुसरी पेटी घ्यावी. लहर दर क्षणाला अर्धे घर चालते असे धरू. लहान पेटीत कड ५० घरांवर आहे. जाऊन येण्यास १०० घरे, म्हणजे २०० क्षण लागतात. मोठ्या पेटीत जाऊन येण्यास १००० घरे, म्हणजे २००० क्षण लागतात. याचा अर्थ असा की पहिले २००० क्षण मोठ्या पेटीच्या मध्यावर तिच्या भिंतीची बातमी पोहोचलेलीच नसते. तेवढा वेळ ती पेटी अथांग समुद्रासारखीच वागते. मग दोन्ही पेट्यांच्या मध्यावरील किमतींची वजाबाकी करावी. पहिले २०० क्षण वजाबाकी शून्य येईल. त्यानंतर २००० क्षणांपर्यंत जे उरेल, ते सारे थराचे पाप. थराची जाडी ३, ५, ८, १० अशी बदलत हीच वजाबाकी पुन्हा केली की कोणती जाडी पुरे ते कळते.

मोठी पेटी परवडत नसेल तर थर दुप्पट जाड करून पाहावे. उत्तर बदलले तर आधीचा थर पुरेसा नव्हता. जाडी तीच ठेवून थर दूर सरकवूनही पाहावे; उत्तर बदलले तर थर फार जवळ होता. घरे बारीक करून, पण थराची सेंटिमीटरमधील जाडी तीच ठेवूनही पाहावे. म्हणजे थराचा दोष कोणता आणि घरांचा कोणता हे वेगळे होते. यात एकच पथ्य आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

किती चूक चालेल, हे मात्र कामावर अवलंबून आहे. माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘शिवालिक’ ही युद्धनौका २०१० साली नौदलात दाखल झाली. शत्रूच्या रडारला तिचा प्रतिध्वनी क्षीण मिळावा म्हणून तिच्या बाजू कलत्या ठेवल्या आहेत. सुमारे १४२ मीटरचे असे अख्खे जहाज बारीक घरांत मांडणे अवघडच. पण एखाद्या खांबाचा किंवा अँटेनाचा हिशेब या रीतीने होऊ शकतो. तेथे मोजायची वस्तूच क्षीण असते. पेटीच्या कडेचा खोटा प्रतिध्वनी त्याहून मोठा असेल, तर आपण जहाजाच्या नावाखाली भिंत मोजली असे होईल. उलट, अँटेनाला लागूनच असलेल्या डोक्यातील तीव्र क्षेत्र काढताना हजारात एकाची चूक सहज खपते.

जाडीची किंमत

मग थर नेहमीच भरपूर जाड का ठेवू नये? कारण तो फुकट मिळत नाही. आतली जागा लांबी, रुंदी, उंचीला ४० घरे धरली तर ६४,००० घरे होतात. सर्व बाजूंनी ५ घरांचा थर दिला की १,२५,०००. १० घरांचा दिला की २,१६,०००. २० घरांचा दिला की ५,१२,०००, म्हणजे मूळ जागेच्या आठपट! शिवाय बेरांझे यांच्या रीतीत थरातील घराला ६ ऐवजी १२ आकडे लागतात. आकडेमोडीचा बहुतेक वेळ आपल्याला नको असलेल्या जागेवर खर्च होतो.

आपल्याच मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पुरा झालेला आणि पुढे ‘टिफ्रॅक’ नाव मिळालेला संगणक घ्या. त्याच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत. दहा-दहा-दहा घरांची, थर नसलेली पेटीसुद्धा ६००० आकडे मागते. ती त्यात बसली नसती. यी यांची रीत १९६६ ची असूनही तिचा प्रसार होण्यास बरीच वर्षे का लागली, ते यावरून लक्षात यावे. आज साध्या संगणकावर लाखो घरे मांडता येतात. तरी जाडी आणि खर्च यांचा हा व्यवहार सुटलेला नाही.

समारोप

भारत सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली आणि मोबाईल संचासाठी एक ग्रॅम ऊतकामागे दर किलोला १.६ वॅट ही मर्यादा लागू केली. जिवंत माणसाच्या डोक्यात यंत्र घालून हे मोजता येत नाही. डोक्याच्या आकाराच्या द्रवाने भरलेल्या साच्यात मोजावे लागते किंवा आकडेमोड करावी लागते. म्हणूनच आकडेमोडीतल्या भिंतीचा प्रश्न शास्त्रज्ञांच्या खोलीतच राहत नाही.

या तपासणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. थर दुप्पट करूनही उत्तर बदलले नाही, तर भिंत गप्प आहे एवढेच सिद्ध होते. डोक्याची प्रतिकृती चुकीची असेल किंवा मनोऱ्याची शक्तीच चुकीची धरली असेल, तर भिंत कितीही गप्प असली तरी उत्तर चुकीचेच. मात्र भिंत बोलत असेल, तर पुढचे काहीही तपासण्यात अर्थ उरत नाही.

तेव्हा असे रंगीत चित्र कोणीही, कोणत्याही बाजूने पुढे केले, तर भौतिकशास्त्राची पदवी नसलेल्या माणसानेही तीन प्रश्न विचारावेत. पेटी किती मोठी होती? कडेचा थर किती जाड होता? थर बदलून पाहिला तेव्हा उत्तर बदलले का? ज्याने काम नीट केले आहे, त्याला या प्रश्नांचा राग येणार नाही. त्याच्याजवळ वजाबाकीचा कागद तयार असेल. ज्याच्याजवळ तो नाही, त्याचे चित्र खोटेच असे म्हणण्याचे कारण नाही. पण ते खरे मानण्याचेही कारण नाही. आमच्या सभेतल्या थोरल्या मंडळींना मी हेच उत्तर दिले, आणि ते तीन प्रश्न आता सोसायटीच्या पत्रात लिहून पाठविले आहेत.